बिननावाच्या ओळी

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. कचेरीच्या दफ्तरखान्यात, अगदी खालच्या फळीवर, फाटके पोते पांघरून मी बसलो आहे. माझी घंटी अजून शाबूत आहे, पण ती ओळ संपत आली की वाजते, आणि माझ्यावर ओळ लिहायला आता कोणी येत नाही. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जन्म कचेरीत काढला आहे, त्यामुळे लोकांची नावे चारचौघांत सांगायची मला सवय नाही. ती जिथे असायला हवीत तिथे मी उमटवली आहेत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझे एकेक अक्षर उजेडासमोर धरून तपासले आणि मग मला लाकडी खोक्यात, भुशात बसवून रवाना केले. तेव्हा या देशावर परक्यांचे राज्य होते. मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर मला टेबल मिळाले. रोज फडके, आठवड्याला तेल, वर कापडी झाकण. "काय स्वच्छ अक्षर आहे!" असे साहेब म्हणत, आणि मी फुशारून जाई.

पण लिहीत काय होतो मी? जमावबंदीचे हुकूम, हद्दपारीचे हुकूम. एका सकाळी एका तरुण पुस्तकबांधणी कारागिराला पकडण्याचा हुकूम माझ्यावर निघाला, वर तीन कार्बन प्रती. शाळेच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांत तो बंदी घातलेली पत्रके चिकटवून गावभर पोचवत असे. 'आपले राज्य, प्रत्येकाला मत' एवढेच त्या पत्रकांत होते. तुरुंगात त्याला ताप आला आणि तो परत आला नाही. मित्रांनो, त्या हुकमाचे अक्षरही स्वच्छच होते. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढे परक्यांचे राज्य गेले. नवे कागद छापून यायला सहा महिने लागले. तोवर जुनेच कागद वापरायचे आणि वरच्या जुन्या सरकारच्या नावावर फुल्या मारायच्या, असे ठरले. त्या फुल्या मारायला जी नवी टायपिस्ट आली, ती त्या कारागिराची विधवा होती. ती फार कमी बोले आणि फार भराभर टाइप करी, म्हणून शिपायांनी तिचे नाव टकटकबाई पाडले. हेडक्लार्क मात्र तिला 'बाई' म्हणत. त्यांना स्वतःला सगळे नियमकाका म्हणत, कारण 'नियमात बसत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडातून दिवसाकाठी दहादा तरी निघे.

मग पहिली निवडणूक जाहीर झाली. गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष, प्रत्येकाला एक मत. मतदारांची यादी करायला माणसे दारोदार गेली. ती सगळी पुरुष होती. परक्या पुरुषाला घरातल्या बाईचे नाव सांगायची रीत नव्हती. दाराआडून उत्तर येई, "लिहा, सुताराची बायको." नाहीतर, "लोहाराची आई." त्यांनी तसेच लिहिले आणि कागद टकटकबाईकडे आले. टायपिंगच्या वर्गात तिला एकच धडा घोटून घोटून शिकवला होता: जसे कागदावर, तसे. तिने कानामात्रा न बदलता सगळे टाइप केले. एके ठिकाणी तिची बोटे क्षणभर थांबली. कागदावर होते, 'मयत पुस्तकबांधणीवाल्याची आई.' ती तिची सासू होती. पण जसे कागदावर, तसे. तिने तेही टाइप केले, आणि तिथेच चूक झाली.

दोन महिन्यांनी वरून हुकूम आला. ज्या ओळीत बाईचे स्वतःचे नाव नाही, ती ओळ रद्द. नावे भरून द्यायला मुदत चार दिवस. आमच्या यादीत अशा सातशे बारा ओळी होत्या.

दुपारी सासूबाई रोजच्यासारखा डबा घेऊन आल्या. सुनेने हुकूम वाचून दाखवला.

"ज्या मतापायी माझा पोरगा गेला, तेच मला मिळणार नाही?" त्या म्हणाल्या.

"तुमचं नाव सांगा आई, आत्ताच्या आत्ता घालते."

सासूबाईंनी डबा टेबलावर सरकवला. "माझं राहू दे. आधी बाकीच्यांचं बघ. तू मशीन घेऊन चल गल्लीत, मी दारं ठोठावते."

"यंत्र कचेरीबाहेर जाणार नाही," नियमकाका म्हणाले. "नियमात बसत नाही."

"मग बायका इकडे येतील. त्याला आहे का तुमचा नियम?" सासूबाईंनी विचारले.

नियमकाकांनी जाडजूड पुस्तक काढले आणि बराच वेळ चाळले. तसा नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात बायकांची रांग लागली. त्या कचेरीत तोवर कधी एकदम चार बायका दिसल्या नव्हत्या. पण खोलीत आठ कारकून बसलेले पाहून एकीच्याही तोंडातून शब्द फुटेना. शेवटी नियमकाकांनी सगळ्या कारकुनांना फायलींसकट व्हरांड्यात काढले आणि स्वतः शिपायाच्या स्टुलावर दाराबाहेर जाऊन बसले. एकीचा नवरा सोबत आला होता. "तिला काय विचारता, मी सांगतो की!" तो म्हणाला.

"तुम्ही बाहेरच बसा," नियमकाका म्हणाले. "मी हेडक्लार्क असून बसलोय!"

आत एकेक बाई वाकून टकटकबाईच्या कानात आपले नाव सांगे. कोणी सांगताना हसे, कोणी डोळे पुसे. एक म्हातारी म्हणाली, "थांब हं, आठवते," आणि खरोखरच आठवत उभी राहिली. मी एकेक नाव उमटवत होतो. असे काम मी आयुष्यात कधी केले नव्हते.

चौथ्या दिवशी सहा वाजता यादी लाखेने बंद व्हायची होती. पावणेसहाला रांग संपली. खुर्चीवर सासूबाई येऊन बसल्या. चार दिवस त्यांनी गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या, पण स्वतःचे नाव काही सांगितले नव्हते.

"आता तुमचं, आई."

त्या डब्याचे झाकण उगाच उघडत-लावत राहिल्या. "माझी आई गेली, तेव्हापासून त्या नावानं कुणी हाक मारली नाही गं. चाळीस वर्षं झाली. आता घ्यायला गेले तर दुसऱ्याच कुणाचं उचलल्यासारखं वाटतं."

"पाच मिनिटं राहिली हो!" बाहेरून नियमकाकांचा आवाज आला.

सासूबाई वाकल्या आणि त्यांनी नाव सांगितले. आठ वर्षे त्या घरात राहून सुनेने ते पहिल्यांदा ऐकले. तिने ते सावकाश टाइप केले. पुढचा रकाना नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावाचा होता.

"इथे?"

"पोराचं घाल. त्याच्यामुळे मी इथे बसलेय."

टकटकबाईने हात मागे घेतले. मग जन्मात पहिल्यांदा तिने आपला धडा मोडला आणि त्या रकान्यात ते नाव टाइप केले. मित्रांनो, ती अक्षरे मला पाठ होती. त्याच क्रमाने मी ती एकदा उमटवली होती, पकडण्याच्या हुकमावर.

नियमकाका आत आले. ओळीओळीवर बोट फिरवत यादी तपासू लागले. शेवटच्या ओळीवर बोट थांबले.

"नियमात बसत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खाली सही केली.

सातशे बारांपैकी चारशे एकोणीस बायकांची नावे लागली. उरलेल्या ओळी रद्द झाल्याचा कागदही माझ्यावरच निघाला. सुताराची बायको त्यात होती. तिला त्या चार दिवसांत घराबाहेर पडू दिले नव्हते.

मतदानाच्या दिवशी सासूबाई मत देऊन थेट कचेरीत आल्या. "ह्यातलं माझ्या नावाचं पहिलं अक्षर कुठलं गं?" त्यांनी विचारले. सुनेने दाखवले. त्यांनी एका बोटाने ती कळ दाबली, कोऱ्या कागदावर उमटलेले अक्षर बराच वेळ पाहिले आणि तो कागद घडी घालून डब्यात ठेवून त्या घरी गेल्या.

त्यानंतर माझ्यावर कितीतरी हुकूम निघाले. एका वर्षी तर आपल्याच राज्यात, आपल्याच माणसांना पकडायच्या याद्या निघाल्या. ते अक्षरही स्वच्छच होते. म्हणून माझ्या अक्षराचे कौतुक करू नका. ते काय सांगते आहे, ते आधी वाचा. मग संगणक आले आणि मी या फळीवर आलो. माझ्या वरच्याच फळीवर ती यादी आहे. तिला कसर लागली आहे. मला तेल दिले नाही तरी चालेल, पण ती यादी कोणीतरी नीट बांधून ठेवा.

आणि मित्रांनो, आज घरी गेलात की आजीजवळ बसा आणि तिला तिचे नाव विचारा. तुम्हाला ते ठाऊक असले तरी विचारा. ती लगेच सांगणार नाही. तेवढे थांबा.