छत्रासाठी माणिक

आकार.

को टिन न्वेला खाणीबाहेर टाकलेल्या खडीत लाल खडा सापडला. दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत तसा, आठही बाजू आरशासारख्या. अशा खड्याला आमच्या मोगोकमध्ये डोंगरदेवांनी घासलेला म्हणतात. आणि डोंगरदेव माणिक घासत नाहीत, स्पिनेल घासतात, माणकासारखा दिसणारा स्वस्तातला खडा. हे आमच्या शेळ्यांनाही माहीत आहे.

"शेळ्यांना काय कळतंय!" को टिन न्वे म्हणाला.

तो पॅगोड्याच्या कळसावरच्या नव्या छत्रासाठी माणिक वाहण्याचा नवस चारचौघांत बोलला होता. माणिक देणारा मिरवणुकीत पुढे चालतो. इतर मागे, धुळीत.

रंग, म्हणजे रंगावरून भांडण.

"लाल आहे ना?"

"टोमॅटोही लालच असतो," त्याची बायको मा एई पोन म्हणाली. "कच्चं माणिक बसकं असतं, सहा बाजूंचं, पिंपासारखं. आणि फिरवलं की लाली बदलते. एकीकडून जांभळट, एकीकडून केशरी. फिरवा बरं तुमचा."

त्याने उन्हात धरून फिरवला. लाल. पुन्हा फिरवला. लाल.

"एकनिष्ठ आहे," तो म्हणाला.

काठिण्य.

पॅगोड्याचे विश्वस्त मुरवलेली चहाची पानं चघळत बसले होते. सगळेच रत्नांचे व्यापारी. खडा पितळी ताटात पडला आणि चघळणं थांबलं. मा एई पोनने कानातली कुडी काढली. आईकडून आलेलं गढूळ माणिक, पण माणिक.

"याच्यावर घासा तो. कोण हरतंय बघू."

घासला. कुडी जशीच्या तशी. खड्याच्या आरशावर पांढरा ओरखडा.

को टिन न्वेचे कान खड्याहून लाल झाले.

ज्येष्ठ विश्वस्त ऊ फो थाउंग यांनी मान वर करून जुन्या छत्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"याला स्पिनेल म्हटलं," ते हळूच म्हणाले, "तर वरचे आपले सगळे खडे उतरवून घासावे लागतील."

"घासू की काका! तुमच्या खड्यापासून सुरुवात करू," मा एई पोन म्हणाली.

"माणिक आहे!" ऊ फो थाउंग ओरडले. "उत्तम माणिक!"

"आणि ओरखडा?"

"इतक्या उंचावर कोण बघतंय, पोरी?"

बाकीच्यांनी जोरजोरात माना डोलावल्या. चघळणं पुन्हा सुरू झालं.

मिरवणुकीत पुढे माणिक देणाऱ्यांचीच एवढी गर्दी, की पाऊल टाकायला जागा नव्हती.

"ढकलू नका हो! मी माणिकवाला!" को टिन न्वे ओरडला.

"मग आम्ही कोण?" सगळे म्हणाले, आणि ढकलत राहिले.