शेवंतीवरचा उजेड

निमगाव सावाच्या शिवारात, साळुबाईच्या घरासमोरच्या बांधावर जांभूळ होती. तिच्या नवऱ्यानं, सावळारामनं, लग्नाच्या वर्षी लावलेली. सावळाराम गेला, जांभूळ राहिली. मग एकदा साळुबाई भाचीच्या लग्नाला मढला गेली आणि तेवढा मोका साधून शेजारच्या चांगदेवनं झाडाला करवत लावली. ती परत आली तेव्हा नुसता बुंधा उरला होता.

"सावलीनं पीक खुरटतंय, वहिनी," चांगदेव म्हणाला. "रानाला उजेड नको का?"

साळुबाई भांडली नाही, याचंच गावाला नवल वाटलं. भांडून जीव निवला असता, आणि तिला तो निववायचाच नव्हता.

यंदा टोमॅटो सोडून चांगदेवनं पहिल्यांदाच शेवंती लावली, दिवाळीचा बाजार धरून. शेवंतीचं साळुबाईला चांगलं ठाऊक होतं. मागं एकदा तिच्या गोठ्याच्या बल्बाजवळची ओळ तेवढी फुललीच नव्हती. शेवंतीला कळी धरायला रात्र लांब आणि काळीकुट्ट लागते. रात्री उजेड दिसला की तिला वाटतं दिवस अजून मोठाच आहे, आणि ती नुसता पाला वाढवत बसते.

पोळा झाला तसा साळुबाईनं ओट्यावर भला मोठा फोकस लावला, तोंड बांधाकडं करून. रात्रभर जळायचा.

"बिबट्या फिरतोय. शेरडं हायती माजी," ती सांगायची. जुन्नरात या कारणाला कोण नाही म्हणणार?

"आमालाबी आधार झाला, वहिनी," चांगदेव म्हणाला. तिला हसू आवरेना.

शेवंती कमरेला लागली, हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. चांगदेव फवारण्या करून दमला. साळुबाई रोज सकाळी बांधावरून त्याचं रान न्याहाळायची आणि तिला बरं वाटायचं. अगदी मनापासून बरं वाटायचं.

नवरात्र सरल्यावर एका सांजेला चांगदेव तिच्या ओट्यावर येऊन बसला. वारूळवाडीच्या एका फुलवाल्यानं त्याला सगळं सांगितलं होतं.

"वहिनी, फोकस बंद करा. त्याच्यानं कळी धरंना."

"आता केला तर धरंल?"

"दिवाळी तर हातची गेलीच. निदान मागनं तरी फुलंल."

"फोकस माज्या ओट्यावर हाय, भाऊ. मधी जांभूळ असती तर तुज्या रानात कवडसाबी आला नसता."

चांगदेव बुंध्याकडं बघत राहिला. अंधारून आलं होतं. साळुबाई उठली.

"तुलाच उजेड पायजे व्हता ना," ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.