एकवीस मापं

सार्थक टीम सोडून चाललाय, ही गोष्ट बाळाराम केणी सोडून सगळ्या खारबावला ठाऊक होती. चहाच्या टपरीवर ठाऊक होती, गोदामांच्या वॉचमनांना ठाऊक होती. ज्यांनी जन्मात कधी मोटरसायकलची शर्यत पाहिली नाही, ते म्हातारेही स्टेशनच्या बाकावर बसून तिची चर्चा करत होते. बाळारामला ती सगळ्यात शेवटी कळली, आणि तीही भाच्याकडून नाही, तर लडकू शिंप्याकडून.

सार्थक हा बाळारामच्या बहिणीचा, कमळाचा मुलगा. चौदाव्या वर्षी मामाच्या गॅरेजमध्ये आला तो तिथलाच झाला. त्याला आता आठ वर्षं झाली. भाचा गाडी पळवायचा आणि मामा इंजिन बांधायचा. मामाने बांधलेलं इंजिन कधी दगा देत नाही, हे दक्षिणेतल्या ट्रॅकवरचे लोकही मानत. टीमचं नाव ‘केणी रेसिंग’ असं झोकात असलं तरी टीममध्ये माणसं दोन. कमळाच्या भाकऱ्या धरल्या तर तीन.

यंदा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मोसमाची शेवटची फेरी सार्थकने जिंकली आणि एका मोठ्या कंपनीच्या टीमची मॅनेजर येऊन त्याच्याशी पाच मिनिटं बोलून गेली. तेवढं पुरे झालं. दर वर्षी मोसम संपला की रेसवाल्यांच्या मोबाइल ग्रुपवर लग्नसराई सुरू होते. कोणाचं कोणाशी जमलं, कोणाचं फिस्कटलं, कोण कोणाला बघून आला. कोणी लिहिलं, सार्थक कंपनीत चालला. कोणी लिहिलं, तो मलेशियाला चालला. एकाने तर त्याचा अपघातात पाय मोडल्याचंही लिहून टाकलं. सार्थक तेव्हा गॅरेजमध्ये बसून वडापाव खात होता. बाळारामने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोघं पोट धरून हसले. बाकीच्या बातम्याही बाळारामने त्याच हिशेबात धरल्या.

लडकूच्या बोलण्याला मात्र तो हसू शकला नाही. लडकू शाळेचे गणवेश आणि नवरदेवाचे सूट शिवायचा. सार्थक ट्रॅकवर पडायचा, चामड्याचा सूट फाटायचा आणि लडकूकडे यायचा. असं पाच-सहा वेळा झाल्यावर लडकू चामडं शिवायलाही शिकला होता.

“बाळारामशेट, पोराचं माप घेतला मी,” तो म्हणाला. “कंपनीचा कागद हाय. मनगट, मांडी, मानेपासून कमरेपर्यंत, एकवीस मापं! नवरदेवाची पन एवढी घेत न्हाय.”

“कंचे कंपनीचा कागद?”

“तुला ठाव न्हाय?” लडकूने जीभ चावली आणि सायकलवर टांग टाकली.

बाळारामच्या हिशेबात गोष्ट सरळ होती. आगरी माणसाच्या घरात नवऱ्याचं माप शिंप्याकडे गेलं की लग्न ठरलं, मग फक्त हळद उरते. कंपनीने माप मागितलं म्हणजे सूट शिवायला पडला, म्हणजे सही झाली, म्हणजे पोरगा गेला. आणि गेला तो मामाला एका शब्दाने न सांगता.

त्या दिवशी त्याचं कशातच लक्ष लागेना. त्यात त्याचा निळा शर्टही सापडेना. हा शर्ट तो प्रत्येक शर्यतीला घालायचा आणि एरवी तो गॅरेजच्या खुंटीवर असायचा. आता खुंटी रिकामी होती.

“कमळे, माझा निळा शर्ट कुठं गेला?”

“मना काय ठाव,” कमळा तव्यावरून नजर न काढता म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ती भाकरीशीच बोलली. पण बाळारामचं डोकं दुसरीकडे होतं.

संध्याकाळी त्याने सार्थकला आडून आडून विचारलं, “काय नवीन?”

“काय नाय मामा.” सार्थक हात पुसत होता. “उद्या पुण्याला जातोय. दोन दिवस काम आहे.”

“कसलं काम?”

“आल्यावर सांगतो.”

बाळारामला खूप वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्याला राग यायचा, ही त्याची जुनी खोड होती. पोरगा मोठ्या टीममध्ये जावा असं त्याला वाटत नव्हतं का? वाटत होतं. तो जाऊ नये असंही तितकंच वाटत होतं. वज्रेश्वरीला गेला की तो देवीसमोर दोन्ही मागून यायचा आणि निवाडा तिच्यावर सोपवायचा.

सकाळी सार्थक पुण्याला गेला आणि बाळाराम प्रितेशच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला. त्याने ठरवलं होतं: जायचं तर जा, पण मामाने मन मोठं करून पाठवला, हे गावाने बघितलं पाहिजे. या मोठ्या मनात अर्धा सूड होता हे त्याला आतून कळत होतं, पण ऐन रागात एवढं बारीक कोण निवडत बसतो?

दुपारपर्यंत नाक्यावर वीस बाय दहाचा फ्लेक्स लागला. मधोमध सार्थक गाडीवर झुकलेला, त्याच्या मागे उगाच एक वाघ. ‘भिवंडी तालुक्याची शान सार्थक तरे यांची कंपनीच्या टीममध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ त्यात कंपनीचं नाव तिच्या चिन्हासकट होतं. खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो, त्यात सगळ्यात मोठा बाळारामचा, डोळ्यांवर गॉगल लावलेला.

कमळा बाजारातून येताना फ्लेक्सखाली थांबली. तिच्या हातातली पिशवी गळायचीच बाकी होती.

“दादा, यो काय केलास? पोरानं सांगितलं तरी का तुला?”

“मना न्हाय सांगितलं, म्हनून तर लावला.”

“उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग,” ती म्हणाली आणि घरी गेली. तिने सार्थकला फोन लावला, तर तो बंद होता.

तासाभरात फ्लेक्सचा फोटो ग्रुपवर फिरला. चार वाजता बाळारामचा फोन वाजला. आवाज बाईचा होता, स्वच्छ पुणेरी.

“मी निवेदिता बोलतेय, कंपनीच्या रेसिंग टीमची मॅनेजर. बाळाराम केणी आपणच ना? फ्लेक्सवर आपला नंबर आहे.”

“हो, बोला म्याडम. आमचे पोरावर लक्ष ठेवा,” बाळाराम ऐटीत म्हणाला.

“केणीसाहेब, सही झालेली नव्हती. आम्ही तीन रायडरांची मापं मागवली होती. सूट शिवायला वेळ लागतो, म्हणून निर्णय होण्याआधी सगळ्यांचीच मागवतो. ज्याच्या जागी नवा रायडर घ्यायचा होता, त्याला आम्ही अजून काही सांगितलंही नव्हतं. त्याला आपल्या फ्लेक्सवरून कळलं. तो सरळ वरच्या साहेबांकडे गेला.”

“मंग?”

“वरून आदेश आला, ज्याच्याकडून बातमी फुटली त्याला घ्यायचं नाही. यंदा दुसरा मुलगा घेतोय. सार्थकला मी समोर बसवून सांगितलं आहे. वाईट वाटतं, पण माझ्या हातात आता काही नाही.”

“त्याची काय चूक न्हाय! मी लावला, मीच...” बाळाराम बोलत राहिला. ती सगळं ऐकून घेत होती आणि शेवटी एवढंच म्हणाली, “ते मला कळतंय.”

त्याने स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. टपरीवरचे लोक बघत होते, आणि कोणी हसलं नाही, हे त्याला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सार्थक आला. बाळारामने शिव्या खायची पूर्ण तयारी केली होती. सार्थकने बॅग ठेवली, माठातलं पाणी प्यायला आणि स्टुलावर बसला.

“चुकलो रं पोरा,” बाळाराम म्हणाला. “पन तू मना सांगायचा होतास ना?”

“पक्कं झाल्यावर सांगणार होतो. त्याआधी सांगितलं असतं तर तू फ्लेक्स लावला असतास.”

बाळारामने विचारलं, “मंग सही का नव्हती केलीस? बोलवलेला ना सहीलाच?”

“एक गोष्ट अडली होती. मी दोन महिने मागे लागलो होतो. काल पुण्यात पोचलो तेव्हा मॅनेजर मॅडम हो बोलल्या होत्या.”

“कंची गोष्ट?”

“होती एक. जाऊ दे आता.” सार्थक उठला आणि मागे गाडीकडे गेला.

भाचा कुठेच जाणार नव्हता. देवीकडे मागितलेल्या दोनांपैकी एक मागणं पुरं झालं होतं, आणि बाळारामला स्वतःच्या तोंडाकडे बघायची लाज वाटत होती.

पाचच्या सुमाराला लडकूची सायकल वाजली. कॅरियरवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्याने बाळारामच्या हातात दिलं. आत निळा शर्ट होता, इस्त्री केलेला.

“हा तुझ्याकडं कसा?”

“मापाला दिलता सार्थकनं. त्यानं शपथ घातलेली, मामाला शर्टाचं बोलायचं न्हाय. सूटचं बोलू नको, असं न्हाय बोलला.” लडकू खाली बघत होता. “आता कशाला ठेवू, म्हनून आनला.”

कॉलरला एक छापील कागद टाचलेला होता, वर कंपनीचं चिन्ह. पहिल्या ओळीत सार्थकच्या अक्षरात लिहिलं होतं: बाळाराम केणी, मुख्य मेकॅनिक. त्याखाली मापं होती. छाती बेचाळीस, पोट चव्वेचाळीस, बाही तेवीस.

लडकू कधी गेला ते बाळारामला कळलं नाही. तो शर्ट मांडीवर घेऊन बसला आणि रडला. बावन्न वर्षांचा माणूस, गॅरेजचं शटर सताड उघडं, समोरून ट्रक जात होते, तरी रडला. मग त्याने तोंड धुतलं, शर्ट खुंटीला लावला आणि मागे गेला.

सार्थकने गाडीवर फ्लेक्स पांघरला होता, वाघ आतल्या बाजूला. एका कोपऱ्यातून गॉगल लावलेला बाळाराम अर्धा बाहेर डोकावत होता.

“शर्ट मिळाला?” सार्थकने विचारलं.

“मिळाला.” बाळारामने फ्लेक्सचा तो कोपरा आत दुमडला. “लडक्यानं पोटाचं माप चुकीचं घेतलाय. चव्वेचाळीस न्हाय, बेचाळीस हाय माझं.”

सार्थकने त्याच्या पोटाकडे एकदा नीट बघितलं.

“पुढच्या वर्षी परत घेऊ,” तो म्हणाला. “पाना दे तो.”