खोक्यातला पंप

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी घर उबदार ठेवणारा घराबाहेरचा हीट पंप बंद पडला. बाहेर उणे सहा अंश होते, आत एकवीस. आठपर्यंत आतला आकडा एकोणिसावर आला.

घर एका निवृत्त सुताराचं. त्याची मुलगी सव्वीस दिवस इस्पितळात होती. तिचं बाळ सात आठवडे आधी जन्मलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघांना घरी सोडायचं ठरलं होतं, पण बाळाची खोली बावीस अंशांवर टिकली तरच. विजेची शेगडी त्या खोलीत चालणार नाही, हेही नर्सने बजावलं होतं. संध्याकाळी सहाला ती फोन करून आकडा विचारणार होती.

सव्वाआठला मेकॅनिक आली. पन्नाशीची बाई, खांद्याला हत्यारांची पिशवी.

“काका, पंप कुठाय?”

“हा काय, समोर.”

समोर एक छोटं लाकडी घर होतं. पॉलिश केलेल्या फळ्या, उतरतं छप्पर, बिजागरीचं दार, दाराला बारीक पट्ट्यांची जाळी.

“हे कधी केलंत?”

“चार वर्षं झाली. बर्फात उघडा पडलेला बघवेना.”

“मशीनला बंगला बांधलाय यांनी,” दारातून बायको म्हणाली. “माझं कपाट अजून कागदावरच आहे.”

“तू आत जा, गारठशील.”

“बघा! मशीननंतर का होईना, माझी आठवण झाली.”

मेकॅनिकने जाळीचं दार उघडलं. आतल्या नळ्यांवर तळहाताएवढा जाड बर्फ होता.

“काका, याला थंडी वाजत नाही. हा बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात सोडतो. तुम्ही याला कोंडलंत, म्हणून हा स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा पुन्हा ओढतोय.”

लाकडाला श्वास घ्यायला जागा ठेवा, असं सुतार चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. मेकॅनिकने फळ्या उचकटायला छोटी पहार काढली, तेव्हा त्याने हात आडवा धरला आणि स्वतःचा स्क्रूड्रायव्हर आणला. बत्तीस स्क्रू त्याने एकेक करून काढले. एकही फळी चिरली नाही.

कोमट पाणी ओतून बर्फ उतरवला. दहा वाजून वीस मिनिटांनी पंप सुरू झाला. मेकॅनिकने वायरीला मीटर लावला.

“नवा असताना नऊ अँपिअर ओढायचा. आता बारा ओढतोय.”

“म्हणजे गेला?”

“गेला नाही, म्हातारा झालाय. चौदा वर्षं झाली याला. असे पंप पंधराएक वर्षं चालतात, नीट ठेवले तर अठरा-वीस. पण खोक्यातली चार वर्षं याला आठ वर्षांसारखी गेली.”

“म्हणजे मीच मारला.”

“मेला असता तर मी अशी बोलत बसले असते का?”

ती पालथ्या बादलीवर बसली आणि घड्याळ बघू लागली. अंगावरचा बर्फ वितळवायला पंप मधूनमधून आपणहून थांबतो. किती वेळाने थांबतो, हे पाहिल्याशिवाय ती मत देत नसे.

“खोक्यात तो दर वीस मिनिटांनी थांबत असणार. तासभर चालला, तर बोलू.”

पंप सव्वा तास चालला.

“आता काही दिवस ओढेल,” ती उठत म्हणाली. “किती, ते सांगत नाही. पण नवा आजच सांगून ठेवा. हा पडायची वाट बघत बसलात, तर नेमका कडाक्याच्या थंडीत पडेल आणि मग मिळेल तो घ्यावा लागेल.”

नवा अकरा दिवसांनी मिळणार होता. सुताराने लगेच होकार कळवला.

“आणि हे?” त्याने फळ्यांकडे बोट केलं.

“छप्पर ठेवा की! चार उंच पायांवर, चहूबाजूंनी मोकळं. वरून बर्फ पडू नये एवढंच.”

दुपारभर तो छपरासाठी लाकडी पाय कापत होता. तीन वाजता खोलीत वीस होते, पाच वाजता साडेएकवीस. मुलीचा फोन आला.

“बाबा, ऊब आहे ना?”

“वाढतेय.”

“खरं सांगा.”

“आईला विचार.”

आईने फोन घेतला. “अगं, पंप थांबला की हेही श्वास रोखून धरतात. पंप टिकेल, यांचं सांगता येत नाही.”

मुलगी हसली. सव्वीस दिवसांत पहिल्यांदाच.

सहाला नर्सने आकडा विचारला. बावीस.

“सकाळी सातला पुन्हा विचारते,” ती म्हणाली. “रात्रभर टिकला तर न्यायला या.”

सहा वाजून दहा मिनिटांनी पंप बर्फ वितळवायला थांबला. चार मिनिटांनी पुन्हा सुरू झाला. तेव्हा बाहेर उणे आठ होते आणि बाळाच्या खोलीत बावीस.