नाव टाकलेला गडवा

मित्रांनो, मी एक पितळेचा गडवा आहे. तुमच्याकडे मला तांब्या म्हणत असतील. जुना म्हणावा इतकं माझं वय नाही, पण पोचे पुष्कळ पडलेत. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, एका फळीवर आहे. गळ्यात सुतळीनं बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर लाखेचं सील. अंगात पाण्याचा थेंब नाही.

मला आर्णीच्या बाजारातून विमलताईंनी घेतलं, लेकीच्या लग्नासाठी. लेक वैष्णवी, नुकतीच बारावी झालेली. स्थळ साधनाबाईनं आणलं होतं. ही बाई कुणाच्या तरी चुलत नात्यातली. गावोगाव साड्या विकायची आणि लग्नं जमवायची. मुलगा परराज्यातला, घरची शेती, हुंडा नको, लग्नाचा खर्चही तेच करणार, भांडीकुंडीसुद्धा नकोत. वैष्णवीचे वडील रामराव म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. मुलाचं गाव बघायला कुणी गेलं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत इतक्या लांब जायला सवड होती कुणाला!

पण लेक रिकाम्या हातानं सासरी धाडायची, हे विमलताईंच्या जिवावर आलं. निदान एक गडवा तरी जाऊ द्या, म्हणून त्या हटूनच बसल्या. दुकानदार माझ्यावर नाव टाकू लागला, तेव्हा त्यांनी गावही टाकायला लावलं आणि तालुकाही. आमच्याकडे गावजेवणात भांड्यांची अदलाबदल फार होते. एवढं कशाला, म्हणून दुकानदार हसला, तर विमलताई म्हणाल्या,

"भांडं हरपलं तं गाव सापडाले पाह्यजे."

यंत्राची सुई माझ्या पोटावर करकरत फिरली. 'चि. वैष्णवीस आईकडून. फुलसावंगी, ता. महागाव.' खरं सांगतो, त्या दिवशी मी ऐटीत होतो.

लग्न एका देवळात घाईघाईनं उरकलं. मग रेल्वे, मग जीप, मग उडती माती. साधनाबाई सोबत होती. माझं ओझं कशाला वागवतेस, म्हणून ती वाटेत कुरकुरली, पण वैष्णवीनं मला टाकून काही दिलं नाही. सासरच्या अंगणात साधनाबाईनं त्या लोकांकडून पैसे घेतले आणि मागं न बघता निघून गेली. तेव्हा कळलं, हे स्थळ नव्हतं, सौदा होता. वैष्णवी विकली गेली होती.

तिचा मोबाइल काढून घेतला. दाराला बाहेरून कडी. पहाटेपासून गुरांचं शेण, मग शेत, मग चूल. चुकलं की मार. सुरुवातीला ती मला रोज राखेनं घासायची आणि नावावरून बोट फिरवायची. पुढं तिनं घासणं सोडलं. रडणंही सोडलं. मी काळा पडलो, नाव काळ्या थराखाली गेलं. मला त्याचं काही वाटेनासं झालं. तिलाही वाटत नसावं.

इकडे गावात रामराव विचारणाऱ्याला सांगत, पोरगी सुखात आहे. साधनाबाईचा फोन बंद होता. पण पोलिसांत गेलं तर लोक काय म्हणतील, म्हणून नवराबायको तोंड दाबून बसले. हे मला मागाहून कळलं.

एक दिवस गल्लीत नर्सबाई लसीकरणाला आली. घरोघर फिरत होती. तिचा आवाज ऐकला आणि वैष्णवीनं मला उचललं. किती दिवसांनी! चिंच लावून असं घासलं, की अंग सोलून निघालं. सासू अंगणात खाटेवर बसलेली. तिच्या देखत एक शब्द बोलायची सोय नव्हती. वैष्णवीनं पाणी भरलं आणि नाव नर्सबाईच्या तोंडासमोर येईल असं मला पुढं धरलं. नर्सबाई प्यायली. वाचलं. पोरीकडं, तिच्या दंडावरच्या वळांकडं पाहिलं. पोरगी नुसती उभी होती. नर्सबाई मला परत देऊन निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं.

पण तिनं वाचलेलं गाव पोलिसांना सांगितलं. तिथून फोन फुलसावंगीला गेला. मग पोलीस आले, महिला शिपाई आल्या आणि त्यांच्यामागं रामराव. बापाला बघून वैष्णवी रडली नाही. मला काखेत घेतलं आणि गाडीत जाऊन बसली. साधनाबाईला अटक झाली. मानवी तस्करीचा गुन्हा लागला आणि मी मुद्देमाल झालो.

खटला उभा राहिला. साधनाबाईच्या वकिलांनी मला हातात उंच धरलं. म्हणाले, आईनं नाव टाकून आहेर दिला, म्हणजे हे रीतसर लग्नच, विक्री कसली? ज्या नावानं पोरगी सापडली, तेच तिच्यावर उलटत होतं. वैष्णवीनं माझ्याकडं पाहिलं. आवाज चढला नाही तिचा.

"गडवा मायनंच देल्ला. पण तिनं मले नांदाले धाडलं होतं, इकाले नाही."

वकील खाली बसले. निकाल अजून लागायचा आहे. वैष्णवी घरी असते, कमी बोलते. कुणी पाणी मागितलं, की एकदम उठून उभी राहते.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. स्थळ कितीही चांगलं सांगितलं, तरी आधी जाऊन ते गाव, ते घर डोळ्यांनी बघा. आणि लेकीचा फोन लागेनासा झाला, तर लोकलाजेस्तव घरात बसू नका. त्याच दिवशी पोलिसांत जा.

कोर्टाच्या व्हरांड्यात मला परत गुंडाळत होते, तेव्हा विमलताई जवळ आल्या. माझ्यावरचं गाव त्यांनी वाचलं आणि तिथंच खाली बसल्या. त्या दिवशी दुकानात 'भांडं हरपलं तं' असं त्या माझ्यासाठी बोलल्या होत्या. हरपली मात्र लेक.