बिनबैलाची साखर

झाड आपलं जेवण स्वतःच रांधतं. पान वरून ऊन घेतं, मुळांनी आणलेलं पाणी घेतं, हवेतला वायू घेतं आणि या तिन्हींची साखर करतं. चूल नाही, धूर नाही. हेच काम काचेच्या भांड्यात करून दाखवायचा ध्यास अनंतराव बोंडे यांनी घेतला होता. पालकाची पानं वाटून ते त्यातले हिरवे कण वेगळे करत, भांड्यात सोडत आणि वर दिवे लावत. १९७४ चा उन्हाळा. बाहेर नागपूरचं ऊन रस्त्यावरचं डांबर वितळवत होतं, आणि प्रयोगशाळेत वाळ्याचे पडदे सोडून आत विजेचं ऊन पाडलं होतं. दिवसभरात चिमूटभर साखर होई.

अहवालात त्यांनी लिहिलं, पाणी, हवा आणि प्रकाश यांपासून शेताविना अन्न. संचालकांना ते आवडलं. पण गणपती उठले की दिल्लीहून तपासणीला माणसं येणार होती. तोवर प्रयोगशाळेबाहेरच्या कोणीतरी हे खाल्लेलं हवं, नाहीतर प्रयोग बंद. जे कोणी खात नाही त्याला अन्न कसं म्हणायचं?

अनंतराव खाणारा माणूस शोधू लागले. शेजारच्या शोभाताईंनी साखरेच्या पुडीचं फार कौतुक केलं आणि न उघडता परत दिली. एका मित्राला नेमका तेव्हाच आपला मधुमेह आठवला.

राहता राहिली आई. गोपिकाबाई मूळच्या खाप्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बाटलीत पिकलेलं त्या तोंडात घालणार नव्हत्या. पण आषाढात अनंतरावांना ऋषिपंचमी आठवली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा आईचा नेम. शहरातल्या प्रतापनगरात तसलं धान्य कुठून मिळणार? दरवर्षी त्या जवळजवळ उपाशीच राहत. अनंतरावांनी शांतपणे समजावून सांगितलं, की या साखरेला नांगर नाही, वखर नाही, बैल तर नाहीच. गोपिकाबाईंनी पदराला हात पुसत विचार केला. त्यांना पटलं.

मग त्यांनी विचारलं, "पण तो पालक कुठला गा?"

"आपल्याच वावरातला. खाप्याहून रुपरावभाऊ पाठवते न."

"मंग त्या वावरात वखर कोण ओढते, तुहा दिवा?"

अनंतरावांना खोटं बोलता येत नसे. दुसऱ्या दिवशी ते कुदळ घेऊन परसात उतरले. वाफे खणले, पालक पेरला, तण हातानं उपटलं. तळहाताला फोड आले. शोभाताईंनी कुंपणावरून विचारलं, "काहो, शेती करून राहिले का?"

"नाही," अनंतराव म्हणाले, "शेती बंद करून राहिलो."

पालक मात्र झकास आला. पंचमीला सकाळी पानं खुडून न्यायची आणि जेवणवेळेपर्यंत आईपुरती चिमूटभर साखर करायची, असं ठरलं होतं. अनंतराव आंघोळ करून परसात आले, तर वाफे बोडके.

स्वयंपाकघरात पातेलं रटरटत होतं. नुसत्या मिठावर शिजवलेली पालकाची भाजी.

"माय, हे काय केलं?"

"तुह्या हातचा पालक हाय, बैल लागला नाही. मंग बाटलीतून काहून काढाचा?" गोपिकाबाईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. कित्येक वर्षांनी त्या पंचमीला पोटभर जेवल्या.

अनंतरावांनी दुसऱ्यांदा भाजी घेतली. वाफ्यांत आता चिमूटभर साखरेपुरतीही पानं उरली नव्हती.

"दिल्लीवाल्यायले सांग, मायनं पोटभर खाल्लं," त्या म्हणाल्या. "कायचं केलं होतं म्हणून इचारलं, तर सांग, पाणी, हवा अन् ऊन."

एवढं तर अहवालात आधीच लिहिलेलं होतं.