पाच अंश

मित्रांनो, माझ्या झाकणाचा एक कोपरा उडाला आहे आणि उजवीकडची मूठ सुतळीने बांधलेली आहे. तरीही तारेतून वीज आली की माझ्या अंगात गुणगुण सुरू होते. मी एक जुना फ्रीज आहे. भिंतीला टेकून उभा राहणारा नव्हे, तर दोन माणसांनी उचलून कुठेही न्यावा असा.

मला जिथे बनवले त्या कारखान्याची मला फारशी आठवण नाही. पत्रा, फेस भरलेल्या जाड भिंती आणि तळाशी मुठीएवढा कॉम्प्रेसर, एवढेच माझे शरीर. समोर एक छोटी काच आहे, तिच्यावर आकडा दिसतो. काचेखाली दोन बटणे आहेत, एक आकडा वाढवायचे आणि एक कमी करायचे. माझ्या खोक्यावर तंबूचे आणि हसणाऱ्या माणसांचे चित्र होते. आपल्याला सहलीला नेणार, अशी माझी समजूत होती.

बारामतीच्या एका दुकानात मी पाच महिने फळीवर बसून होतो. शेजारी माझ्यापेक्षा मोठी, चकचकीत पेटी होती. तिच्यात निळा दिवा लागायचा आणि झाकणावर पेले ठेवायला खाचा होत्या. गिऱ्हाईक यायचे, तिच्यावरून हात फिरवायचे आणि मला ओलांडून पुढे जायचे.

एप्रिलच्या एका दुपारी निमगाव केतकीहून तिघे जण आले. नागेश डाळिंबाची बाग आणि पिकअप सांभाळणारा. त्याची आई तानूबाई. आणि सातवीतली मुलगी सृष्टी, हातात वही घेऊन. नागेशने आल्या आल्या निळ्या दिव्याची पेटी उघडली.

"हीच घेऊ. केवढी मोठी हाय बघ."

"सहलीला कुठं निघालाय?" दुकानदार रविराजने विचारले.

"सहल न्हाय. आईला आठ दिवस मामाच्या मेंढरात ऱ्हायचंय. उजनीच्या काठाला वाडा हाय त्यांचा."

वाडा म्हणजे घर नव्हे बरं का. मेंढरांभोवती जाळी लावायची, शेजारी कापडाचे पाल ठोकायचे आणि चारा असेल तितके दिवस उघड्यावर राहायचे, त्याला मेंढपाळ वाडा म्हणतात. तानूबाई तशाच एका वाड्यावर जन्मली होती. तिने माझ्या खोक्यावरचे चित्र निरखून पाहिले.

"ह्यांच्या तंबूत एक बी मेंढरू न्हाय," ती म्हणाली. "मग हे राखत्यात काय?"

रविराज हसला. सृष्टीने वही उघडली. आजीला इन्सुलिन लागते, म्हणून ती दवाखान्यातल्या सिस्टरना विचारून सगळे लिहून आली होती.

"काका, बाहेर बेचाळीस अंश असलं तर ह्या पेटीत किती होईल?"

रविराजने खरे सांगितले. "ही बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशच खाली जाती. म्हंजे बावीस."

"आज्जीच्या औषधाला दोन ते आठ लागतं."

"मग हा घ्या," म्हणून रविराजने माझ्यावरची धूळ पुसली. "दिसायला साधा हाय. पण ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो, वर सोलरची पाटी जोडली की झालं. जो आकडा सांगाल तो धरतो."

सृष्टीने विचारलेले ते प्रश्न मी अजून विसरलो नाही. इतक्या महिन्यांत मला काय येते हे कोणी विचारलेच नव्हते.

आठ दिवसांचा एवढा आग्रह का, ते मला पिकअपमध्ये समजले. तानूबाईचा धाकटा भाऊ जोतीराम येत्या दिवाळीला मेंढरे विकणार होता. गुडघे थकले होते आणि मागे राखायला कोणी नव्हते. इन्सुलिन सुरू झाल्यापासून अकरा वर्षे तानूबाई वाड्यावर राहिली नव्हती. सकाळी जायचे, संध्याकाळी परत. कळपात राहण्याची ही तिची शेवटची संधी होती. नागेशने एकच अट घातली होती. औषधाचे काही बिघडले, तर त्याच दिवशी घरी.

उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात मागे सरते आणि ओल्या गाळावर हिरवे गवत येते. तिथे दोनशे मेंढरे आणि चार शेळ्या चरत होत्या. जोडलेल्या बॅटरीसकट मला घोड्यावर बांधून पालापर्यंत नेले. माझी गुणगुण ऐकून घोड्याने दोनदा मागे वळून पाहिले. सृष्टीने सोलरची पाटी जोडली, काचेवर पाचचा आकडा लावला, आत इन्सुलिनची दोन पेने ठेवली आणि बापलेक परत गेले.

मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. सकाळ-संध्याकाळ तानूबाई झाकण उघडायची, पेन काढायची, सुई टोचून घ्यायची आणि मला पुन्हा सावलीत सारायची. मग दिवसभर ती कोकरांच्या मागे असायची. जोतीराम म्हणायचा, "आक्का, बस की जरा." ती म्हणायची, "बसायला घर हाय."

चौथ्या दिवशी सकाळी शेळी व्याली. त्या घरातली रीत अशी की बहीण वाड्यावर आली, तर पहिल्या चिकाचा मान तिचा. पण तानूबाईला गोड चालत नव्हते. तेव्हा हा मान नातीला द्यायचा, दोन दिवसांनी रविवारी सृष्टी आली की खरवस करायचा, असे जोतीरामने मनाशी ठरवले. त्याने चिकाची बरणी माझ्यात ठेवली. एवढ्या उन्हात चीक नासेल, ही त्याला धास्ती. जितके गार तितके बरे, असे त्याला वाटले. त्याने आकडा कमी करायचे बटण दाबले, आणि दाबतच राहिला.

मी काय करणार? मला सांगितलेला आकडा गाठायचा, एवढेच येते. पाच, दोन, शून्य, मग शून्याच्याही खाली. संध्याकाळपर्यंत चीक दगडासारखा झाला. आणि ज्या दोन पेनांसाठी मला विकत घेतले होते, ती मीच गोठवली.

ऊन उतरताना तानूबाईने पेन काढले. आतल्या औषधाचा बर्फ झाला होता. जोतीराम पळत आला.

"उन्हात ठेव आक्का. इतळंल की आत्ता."

तानूबाईने पेन तळहातावर धरले. बर्फ खरोखरच सुटू लागला. औषध पुन्हा पाण्यासारखे दिसू लागले. कोणाला कळलेही नसते. पुढचे चार दिवस तिच्या हातात होते, आणि फोन केला की ते जाणार होते. तिने एकदा कळपाकडे पाहिले.

"पोरीनं बजावलंय, गोठलं की टाकायचं," ती म्हणाली. "लाव फोन."

नंबर लागल्यावर जोतीरामने फोन तिच्या हातात दिला नाही. तो स्वतःच बोलला. "नागेश, माझ्या हातनं झालं. आक्काला काय बोलू नगंस."

तासाभरात पिकअप आली. नवी पेने होती, सृष्टी होती, आणि नागेशचा चेहरा तापलेला होता.

"मामा, इतकं सांगून बी?"

"व्हय. चुकलंच माझं."

"आई, बोचकं बांध."

तानूबाई बोचके बांधायला उठली. सृष्टीने मात्र माझे झाकण उघडले आणि बरणी बाहेर काढली.

"आबा, हे काय?"

"तुझा चीक हाय. आज्जीचा मान तुला द्यायचा हुता," जोतीराम खाली बघत म्हणाला. "नासू नये म्हून दाबलं."

सृष्टी त्याच्या शेजारी खाली बसली. "आबा, कोकरू थंडीनं गारठलं तर तुम्ही चुलीजवळ नेता. पण चुलीत घालता का?"

"खुळी का काय तू?"

"तसंच हे. औषधाला गार लागतं, पण बेतानं. हा आकडा वाचता येतो का तुम्हाला?"

जोतीरामने नकारार्थी मान हलवली. शाळा त्याने बाहेरूनच पाहिली होती. सृष्टीने बटण दाबत दाबत पाच आणला आणि त्याचे बोट काचेवर ठेवून त्या आकड्यावरून फिरवले. मग गाळात काठीने तोच आकडा काढायला लावला. पहिला वाकडा आला. दुसरा उलटा. सातवा बरा आला.

नागेश बोचक्याजवळ उभा राहून बघत होता. सत्तरीचा मामा गुडघे दुखत असताना ओल्या मातीत बसून आकडा गिरवत होता. त्याने आठवा काढला, नववा काढला.

"पोट मोठं झालंय मामा त्याचं," नागेश शेवटी म्हणाला.

"तुझ्यावाणी," जोतीराम म्हणाला.

तानूबाई आधी हसली. नागेशने बोचके पुन्हा पालात ठेवले आणि नवी पेने माझ्यात ठेवून झाकण लावले.

पुढचे चारही दिवस जोतीराम उठला की मेंढरे मोजण्याआधी माझ्यापाशी यायचा आणि कळपाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायचा, "आक्का, पाच हाय." तानूबाईने आठही दिवस पुरे केले. दिवाळीला मेंढरे गेली.

आता मी निमगावात पोत्यांमागे असतो. तानूबाईचे औषध घरातल्या मोठ्या फ्रीजमध्ये राहते. महिन्यातून एकदा सृष्टी मला पुसते आणि तासभर चालवून बघते, म्हणून मी अजून जिवंत आहे. ती एवढे करते, याचे मला फार समाधान आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही अशी एखादी वस्तू असेल. ती घेताना तिचा दिवा बघू नका, तिला काय येते ते विचारा. आणि घरात कोणाला ती चालवता येत नसेल, तर रागावू नका. शेजारी बसून शिकवा. आम्ही वस्तू फार आज्ञाधारक असतो. भले काय नि बुरे काय, ते आम्हाला समजत नाही. ते समजण्याचे काम तुमचे आहे. तुम्ही पाच म्हणा, मी पाच राखीन.